कथलाचे मणी

सिंदखुटीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो तेव्हा माझा कोणावरच विश्वास नव्हता, आणि त्यात काही वावगं आहे असंही मला वाटत नव्हतं. रोगी खोटं बोलतात. तीन दिवस पुड्या घेतल्या म्हणणाऱ्याच्या खिशातून तिन्ही पुड्या निघतात. सासूसाठी म्हणून नेलेलं टॉनिक सून पिते, आणि सासू बरी होत नाही म्हणून औषधाला नावं ठेवते. डॉक्टरसाहेब राळेगावहून आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, बसने यायचे. बाकीचे सहा दिवस औषधांचं कपाट, त्याची किल्ली आणि गावाचं खोटंनाटं माझ्या ताब्यात असायचं.

मी मूळचा बंजारा तांड्यावरचा. आज्यानं बैलांच्या पाठीवरून मुलूखभर मीठ वाहिलं आणि नातवानं, म्हणजे मी लालसिंगनं, नागपूरला कंपाउंडरच्या परीक्षेत क्षारांवरचा प्रश्न सोडवला. आमच्या घराण्याची प्रगती म्हणायची तर एवढीच. आम्ल कशाला म्हणतात, अल्कली कशाला म्हणतात, निळा लिटमस कशानं लाल होतो, सगळं मी घोकलं होतं. आम्लानं धातू खाल्ला की क्षार तयार होतो, हे वाक्य तर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं. पण ज्या दिवशी ते आठवायला हवं होतं, त्या दिवशी ते मला आठवलं नाही, आणि त्यापायी एका बाईवर तुरुंगात जायची वेळ आली.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन दीड वर्ष झालं होतं. सत्यभामाबाई तिथलीच. सुईण होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातांत जन्मली होती, गावचे बडे शेतकरी भगवानराव यांची तिन्ही मुलंसुद्धा. दीक्षा घेतल्यावरही ती बाळंतपणं करत राहिली, पण तीन गोष्टी तिनं सोडल्या. शिळं अन्न घ्यायचं सोडलं, बाळंतिणीचं उतरलेलं लुगडं घ्यायचं सोडलं, आणि भगवानरावांच्या बायकोला ‘मालकीण’ म्हणायचं सोडलं. ती त्यांना सरळ ‘मानीबाई’ म्हणू लागली. पहिल्या दोन गोष्टी गावानं कशाबशा गिळल्या, तिसरी मात्र कोणाच्याच घशाखाली उतरली नाही.

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वस्तीनं एकत्र जेवण करायचं ठरवलं. एवढ्या लोकांचा स्वयंपाक होईल असं भांडं वस्तीत नव्हतं. गावात तसं एकच होतं, भगवानरावांचा पितळी गंज, दोन गड्यांनी कड्यांना धरून उचलावा एवढा. सत्यभामाबाई तो मागायला गेली. भगवानरावांना त्या साली ग्रामपंचायतीत निवडून यायचं होतं. ओट्यावर चार माणसं बसलेली होती. त्यांच्यादेखत त्यांनी गड्याला हाक मारली आणि गंज फाटकाबाहेर ठेवायला लावला. गावात दोन दिवस त्यांच्या मोठ्या मनाची चर्चा होती.

गंज परत आला तो चौथ्या दिवशी, आणि आतून नुसता लखलखत. राळेगावचे गफूरचाचा तेव्हा भाता घेऊन गावात कल्हई करायला आलेले होते. वस्तीनं त्यांच्याकडून गंजाला आतून नवी कल्हई करून घेतली होती. घेतलं त्यापेक्षा चांगलं परत करायचं, असं म्हणे त्यांच्या बैठकीत ठरलं होतं. आता याला काय म्हणावं? कोणी सांगितलं नसताना दुसऱ्याच्या भांड्याला कोणी कल्हई करतं का? पारावर हाच विषय. त्यांच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. फुकट कोणी काही करत नाही, हे मी रोज दवाखान्यात पाहत होतो.

नंतर दहाच दिवसांनी भगवानरावांच्या नव्या विहिरीला पाणी लागलं. त्यांनी गावजेवण घातलं. बुंदी, वांग्याची भाजी, वरणभात आणि मठ्ठा. मठ्ठा त्याच गंजात. राळेगावहून आणलेल्या आचाऱ्यानं पहाटे कंदिलाच्या उजेडात ताक गंजात ओतलं, वाटलेली कोथिंबीर घातली आणि वर कापड बांधून ठेवलं. पंगत बसेपर्यंत दुपार झाली. वैशाखातलं ताक, आधीच आंबट, त्यात पहाटेपासूनचा वेळ. मी दोन ग्लास प्यालो. चव कळकट, तुरट लागली. नंतर सगळेच म्हणाले की कळकट लागली होती. पण पंगतीत बसून यजमानाच्या मठ्ठ्याला कोण नावं ठेवणार?

उष्टी काढायच्या आधीच उलट्या सुरू झाल्या. तीसपस्तीस माणसं, जी जी मठ्ठा प्याली होती ती सगळी, कोणी ओट्यावर, कोणी गोठ्यामागे, पोट धरून वाकलेली. मीही त्यांतलाच. एकीकडे स्वतः ओकत आणि दुसरीकडे लोकांना मिठाचं कोमट पाणी, मग दूध पाजत मी ती दुपार काढली. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे सावरले. भगवानरावांचा म्हातारा चुलता मात्र बेशुद्ध होता. तो गेला असता तर तो खून ठरला असता.

वस्तीतल्या एकालाही काही झालं नव्हतं, कारण वस्तीतलं कोणी जेवायला आलंच नव्हतं. सगळ्यांच्या मागून, वेगळ्या पंगतीत, उरलेलं जेवायचं त्यांनी त्या वर्षापासून बंद केलं होतं. आदल्या दिवसापर्यंत गाव याला माज म्हणत होतं. आता त्याचा अर्थ बदलला. त्यांना आधीच ठाऊक होतं म्हणून ते आले नाहीत, असं लोक बोलू लागले. गंज त्यांच्याकडून आलेला, कल्हई त्यांनी केलेली, आणि जेवायला तेच नाहीत. एवढं सगळं जुळल्यावर कोणाला शंका राहणार?

मी मात्र शिकलेला माणूस. मला पुरावा हवा होता. वाढायच्या बादलीत तळाशी थोडा मठ्ठा उरला होता, तो मी दवाखान्यात नेला. गंजाला हात लावायला कोणी तयार नव्हतं. भगवानरावांनी तो कापड बांधून तसाच गोठ्यात ठेवून दिला होता. मी मठ्ठा कापसातून गाळला. खाली आलेल्या पाण्यात निळा लिटमस बुडवला, तो लाल झाला. यात नवल काही नव्हतं, ताक आंबटच असतं. मग मी अमोनियाची बाटली उघडली. नाकाला झणझणीत वास आला. अमोनिया जहाल अल्कली. पाण्यात तांब्याचा क्षार असेल तर अमोनिया तो उघडा पाडतो, पाणी निळं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी थेंब थेंब टाकत गेलो आणि काचेच्या नळीत फिकट निळा रंग उतरला.

तांब्याचा क्षार म्हणजे माझ्या डोक्यात एकच वस्तू आली, मोरचूद. निळे खडे. पोटात गेला तर माणूस ओकून ओकून हैराण होतो, जास्त गेला तर मरतो. आणि सिंदखुटीत मोरचूद कुठे असतो? माझ्या कपाटात, ज्याची किल्ली माझ्या कमरेला असते.

आता मी खरं सांगतो. गावासाठी म्हणून मी भगवानरावांकडे धावलो नाही. मी स्वतःसाठी धावलो. उद्या कोणी विचारलं असतं की मोरचूद कोणाच्या ताब्यात असतो, तर माझंच नाव आलं असतं, आणि तांड्यावरच्या माणसावर संशय घ्यायला गावाला वेळ लागत नाही. म्हणून विचारायच्या आधीच मी उत्तर घेऊन गेलो. मठ्ठ्यात मोरचूद होता असं मी भगवानरावांना सांगितलं. आणि हेही सांगितलं की पोरांच्या डोळ्यांतल्या खुपऱ्यांवर फिरवायला दोन ड्रॅमचा, तोळ्याहूनही हलका एक खडा मी महिनाभरापूर्वी सत्यभामाबाईला दिला होता.

भगवानरावांनी कागद आणि दौत मागवली. मग त्यांनी माझ्याकडून ते कागदावर लिहून घेतलं आणि गड्याला राळेगावच्या ठाण्यावर पाठवलं. निरोप आला की जमादार परवा सकाळी येतील आणि बाईला घेऊन जातील. मानीबाई दाराआड उभी होती. मी निघालो तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ती काहीतरी बोलणार. ती बोलली नाही. मी तेही संशयाच्या खात्यात टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाई दवाखान्यात आली. पायरीवर थांबली नाही, सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि पदराची गाठ सोडून निळा खडा माझ्यासमोर ठेवला.

“लालसिंगभाऊ, हा तुमचा मोरचूद,” ती म्हणाली. “मोजून देल्ला होता, मोजून घ्या.”

मी तो तराजूत घातला. सहासात पोरांच्या पापण्यांवरून फिरवून जेवढा झिजावा तेवढाच झिजला होता. चिमूटभर मोरचुदानं तीसपस्तीस माणसं ओकत नाहीत, हे मला तिथल्या तिथे कळलं. तरी मी म्हणालो की दुसरीकडून आणला असेल. ज्वारीच्या बियाण्याला काणीचा रोग लागू नये म्हणून शेतकरी मोरचूद लावतात, कोणाकडून तरी मिळाला असेल.

“म्हंजे तुमाले मोरचूद नाई पायजे, मीच पायजे,” ती म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. मी विचारलं की मोरचूद नाही तर मठ्ठा निळा कशानं झाला?

“ते मले काय माईत? शिकले तुमी. मी त्या घरच्या आंगणात पाय टाकत नाई. गंज वापस नेला तवाबी फाटकाजवळ ठेवून आली. मंग मठ्ठ्यात टाकलं कवा? सारं गाव माह्या तोंडाकडे पाहून राह्यलं. गंजात कोनी पाह्यलं का?”

एवढं बोलून ती गेली. मी खडा हातात धरून बसून राहिलो. आचाऱ्यावर मी संशय घेतला होता, वस्तीवर घेतला होता, कल्हईवाल्यावर घेतला होता, मनातल्या मनात भगवानरावांच्या भाऊबंदांवरही घेतला होता. फक्त गंजावर घेतला नव्हता. आणि मग ते वाक्य मला आठवलं. आम्लानं धातू खाल्ला की क्षार तयार होतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं तसं हट्टी, पण हवा लागली आणि आंबट ताकाला पहाटेपासून दुपारपर्यंत वेळ मिळाला, तर तेही हळूहळू त्यात उतरतं. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं, हे तर माझ्या निरक्षर आईलाही ठाऊक होतं. मग मला का सुचलं नाही? तर कल्हई नवी होती म्हणून. सगळ्या गावानं ती लखलखताना पाहिली होती, म्हणून गंजात डोकावायची गरज कोणालाच वाटली नव्हती.

मला माझीच भयंकर लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती जास्त होती. माझ्या सहीचा कागद ठाण्यावर गेला होता.

जमादार आले तेव्हा मी फाटकाशीच उभा होतो. त्यांना मी म्हणालो की बाईला नेण्याआधी एकदा गंज पाहा. भगवानरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण जमादारांपुढे त्यांना नाही म्हणता येईना. चुलता आदल्या रात्री शुद्धीवर आला होता, त्यामुळे जमादारांनाही फार घाई नव्हती. दोन गड्यांनी गंज गोठ्यातून अंगणात आणला. कापड सोडलं. आत कल्हईचा मागमूस नव्हता. उघडं पिवळं पितळ, आणि मठ्ठा जिथवर होता तिथे काठाला हिरवं कडं.

जमादार म्हणाले, यावरून काय सिद्ध होतं? मी त्यांच्याकडे दुपारपर्यंतचा वेळ मागितला. गंज घासूनपुसून घेतला. शेजारच्या घरून आंबट ताक आणवलं, अर्धं गंजात ओतलं, अर्धं कोऱ्या गाडग्यात. दोन्ही भांडी अंगणाच्या मध्यभागी ठेवली आणि जमादारांना त्यांच्या समोर बाज टाकून दिली. कोणी जवळ जायचं नाही, मीसुद्धा नाही. सत्यभामाबाई फाटकाबाहेर निंबाखाली बसली होती, तिचा नवरा उकंडा तिच्याजवळ. वस्तीतली पंधरावीस माणसं त्यांच्यामागे उभी. आत गाव, बाहेर वस्ती, मध्ये दोन भांड्यांतलं ताक. इतक्या लोकांना ताकाकडे इतका वेळ टक लावून बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तेवढ्यात गफूरचाचा आले. जमादारांनी त्यांनाही बोलावून घेतलं होतं, कारण कल्हईत त्यांनीच काही मिसळलं असेल असंही लोकांचं म्हणणं होतं. म्हातारा उन्हातून चालत आलेला, चिडलेला. एका कोपऱ्यात जाऊन बसला.

ऊन डोक्यावर आल्यावर मी दोन्ही ताकं कापसातून गाळली. दोन काचेच्या नळ्या जमादारांच्या हातात दिल्या आणि अमोनियाची बाटली उघडली. वासानं माणसं मागे सरली. गाडग्यातल्या ताकाचं पाणी जसं होतं तसंच राहिलं. गंजातल्या ताकाच्या पाण्याला निळी झाक आली. जमादारांनी नळी उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि ठसका लागून डोळे पुसले. मी मोठ्यानं सांगितलं की यात कोणी काही टाकलेलं नाही. गंज स्वतःच ताकात उतरला आहे. माझा कागद चुकीचा होता.

निंबाखाली कोणी हललं नाही. अंगणात मात्र कुजबूज सुरू झाली आणि संशय एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरला. भगवानराव उठून उभे राहिले. पंधरा दिवसांत कल्हई कशी उडाली, असं त्यांनी गफूरचाचांना विचारलं. नुसता मुलामा दिला असणार, वस्तीला फसवलं आणि गावाला विष पाजलं.

गफूरचाचा उठले, त्यांनी गंजातलं ताक लवंडून दिलं, आतून हात फिरवला, मग बाहेरून फिरवला. काठाच्या कडेला एका जागी नख लावून काहीतरी खरवडलं आणि जमादारांना दाखवलं. बारीकसा पांढरा ओघळ होता तिथे.

“जमादारसाब, ये कल्हई घिसी नई,” ते म्हणाले. “पिघली हय. रिकामा बर्तन कोनी तरी जाळावर उपडा घातला. कथील वितळून काठाकडून ठिबकलं. जिथं जाळ केला तिथं राखेत दाने मिलेंगे.”

हे ऐकताच सगळ्यांना सगळं कळलं, मलाही. वस्तीतून परत आलेलं भांडं कोणीच तसंच घरात घेत नाही. मातीचं असलं तर फोडतात, धातूचं असलं तर जाळावर घालतात. आमच्या तांड्यावरही हेच. माझ्या आईनंही हेच केलं असतं. पारावर बसून आम्ही गंजाची कल्हई कोणी केली आणि कशाला केली याचा काथ्याकूट केला, पण गंज परत आल्यावर तुमच्या घरी त्याचं काय केलं, हे भगवानरावांना कोणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती, इतकं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

जमादार भगवानरावांकडे पाहत होते. भगवानराव गोठ्याच्या छपराकडे पाहत होते. ते म्हणाले की असलं काही या घरात झालेलं नाही. सरकारनं अस्पृश्यतेविरुद्ध कायदा केला आहे, तो त्यांना माहीत आहे, ते स्वतः पंचायतीला उभे आहेत.

तेव्हा मानीबाई दारातून मागे वळून आत गेली. मला वाटलं, झालं, आता ती राख उकिरड्यावर फेकली जाणार. पण ती लगेच बाहेर आली. तिच्या हातात चिंधीची पुरचुंडी होती. भांडी घासायला ती राख चाळून घेत असे, तेव्हा चाळणीत वर राहिलेले हे दाणे तिनं जपून ठेवले होते. तिनं पुरचुंडी जमादारांच्या बाजेवर सोडली. हरभऱ्याएवढे, काही ज्वारीएवढे, पांढरे, गुळगुळीत कथलाचे मणी होते.

“मीच घातला गंज जाळावर,” ती म्हणाली. “कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, गड्याच्या हातानं उपडा करून घेतला. बाटला होता म्हणून.”

तिनं हे नवऱ्याकडे न पाहता सांगितलं. तिला पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, कळलं होतं. दाराआडून तिनं माझ्याकडे जे पाहिलं होतं, ते त्यामुळेच. पण तिची तिन्ही मुलं जिच्या हातांत जन्मली त्या बाईला शिपाई घेऊन जाणार, हे तिला सहन होईना, असंही मला वाटतं. दोन्ही खरं असेल.

पुढचं सगळं भराभर झालं. जमादार आणि भगवानराव आत जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा कागद तयार होता. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवल्यामुळे लोकांना त्रास झाला, कोणावर आरोप नाही. कल्हई कशानं गेली हे त्या कागदात कुठेच नव्हतं. मला सही करायला सांगितलं आणि मी केली. मला चीड आली होती, पण चीड आलेली असतानाही मी सही केली, हे लपवून काय उपयोग?

लोक पांगले. मी फाटकापाशी जाऊन सत्यभामाबाईला म्हणालो की माझं चुकलं, मी तुमचं नाव घ्यायला नको होतं.

“तो खडा वापस आल्याचं तुमच्या वहीत लिहून ठेवा,” ती म्हणाली. “उद्या आनखी कोनाचं पोट दुखन.”

वस्तीतली माणसं निघाली. उकंडा तिला चल म्हणत होता. ती जागची हलली नाही. मानीबाई अंगणात होती, बाजेवरचे मणी चिंधीत गोळा करत होती. सत्यभामाबाईनं फाटकातूनच तिला हाक मारली.

“मानीबाई, ते कथील आमचं हाये. आमी घातलं होतं. वापस द्या.”

मानीबाई थांबली. भगवानराव ओट्यावरून म्हणाले की एवढ्याशा दाण्यांचं काय करणार आहेस? कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मानीबाई फाटकापर्यंत आली आणि तिनं पुरचुंडी फाटकाजवळच्या दगडावर ठेवली. वस्तीतल्या बाईला काही द्यायचं तर असंच द्यायचं, खाली ठेवून. ठेवल्यावर ती मागे सरकली.

सत्यभामाबाईनं ती उचलली नाही.

“हातात द्या,” ती म्हणाली. “तीन बाळं तुमच्या हातात देल्ली मी. खाली नोती ठेवली.”

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. फार गेला नसेल. मानीबाई वाकली, पुरचुंडी उचलली आणि सत्यभामाबाईच्या पसरलेल्या तळहातावर ठेवली. दोघींची बोटं एकमेकींना लागली. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सत्यभामाबाईनं मणी पदराला बांधले, जिथे माझा मोरचूद होता त्याच टोकाला, आणि वळली.

मानीबाई आत गेली. थोड्याच वेळात न्हाणीतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारी कोणीही अंगावर पाणी घेतं. पण मी संशयी माणूस. सत्यभामाबाई चार पावलं पुढे गेली होती, तिलाही तो आवाज ऐकू आला असावा. ती थांबली नाही. चालता चालता तिनं पदराची गाठ दातांत धरून आणखी एकदा आवळली.